कपाशीत तणनाशकाचे पट्टे पडतात? आधी पट्टा कसा आहे ते पाहा

फवारणीला आठ-दहा दिवस झाले की चित्र उघडे पडते. एका तासात (कपाशीच्या ओळीत) तण जळून काळे, शेजारच्या तासात हिरवेगार आणि धुऱ्याजवळ कपाशीही होरपळलेली. पहिला संशय औषधावर जातो. बाजारात बनावट माल असतो हे खरेच, पण बनावट औषध सगळ्या वावरात सारखेच कमी चालते, ते पट्टे पाडत नाही. पट्टा पडला याचा अर्थ औषध चालले, सगळीकडे सारखे पोचले नाही. मग दोष नोझल, उंची, चाल, पाणी किंवा मिश्रण यांतल्या एखाद्यात असतो, आणि तो कुठे आहे हे बहुतेक वेळा पट्ट्याच्या आकारावरूनच कळते.

म्हणून पुन्हा फवारायच्या आधी टेप घेऊन तासांना आडवे चाला आणि हिरवा पट्टा किती अंतराने परत येतो ते मोजा. नोझलच्या एका पट्ट्याइतक्या अंतराने येत असेल, तर नोझल किंवा त्याची उंची तपासा. दर पंपाला म्हणजे ठरावीक तासांनंतर येत असेल, तर मिश्रण किंवा बॅटरी. अंतराला काही हिशेबच नसेल, तर पाणी, धूळ, वारा किंवा फवारणाऱ्याचा हात. आणि पट्टा नसून मध्येच एकेक झाड मेलेले असेल, तर तो फवारणीचा प्रश्नच नाही. त्याबद्दल पुढे.

वेचणी आणि शेवटची फवारणी यांतले दिवस

हे आधी, कारण इथे चुकले तर बाकीचे बरोबर करून उपयोग नाही. प्रत्येक तणनाशकाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते लिहिलेले असते. कपाशीतल्या काही तणनाशकांना हा काळ तीन महिन्यांच्या आसपास आहे. जूनच्या मध्याला लावलेल्या कपाशीची पहिली वेचणी ऑक्टोबरच्या शेवटी धरली, तर अशा औषधाची शेवटची फवारणी जुलैच्या अखेरीस, म्हणजे पीक 40 दिवसांचे व्हायच्या आत उरकावी लागते. सप्टेंबरात गाजरगवत कमरेइतके झाले म्हणून पंप उचलणे या हिशेबात बसत नाही. तिथे विळा आणि निंदण. सरकीचे तेल माणसे खातात आणि पेंड जनावरे, म्हणून हे दिवस पाळायचे.

40 दिवसांचा हिशेब तणाच्या बाजूनेही जुळतो. तण दोन ते चार पानांवर असते, तेव्हा औषध सर्वांत चांगले बसते. त्यापुढे केना आणि आघाडा एकमेकांवर पसरतात. वरचे पान खालच्याला झाकते आणि कितीही नीट फवारले तरी खालचे तण वाचते.

मधले मेले, दोन्ही कडा हिरव्या

सर्वांत जास्त दिसणारा पट्टा हाच, आणि कारण नोझलच्या स्वभावात आहे. साध्या फ्लॅट फॅन (पंख्यासारखा चपटा फवारा देणाऱ्या) नोझलचा फवारा मध्ये जाड आणि कडांना विरळ पडतो. ते मुळात ट्रॅक्टरच्या बूमसाठी, म्हणजे अनेक नोझलच्या आडव्या दांड्यासाठी, घडवलेले असते. तिथे शेजारच्या दोन नोझलचे फवारे एकमेकांवर चढतात आणि कडांची कसर भरून निघते. पाठीवरच्या पंपाला एकच नोझल असते. कडेवर दुसरा फवारा चढत नाही, म्हणून कडा उपाशी राहते.

दोन तासांच्या मधली पट्टी एकाच फेरीत फवारायची असेल, तर समान फवाऱ्याचे फ्लॅट फॅन नोझल घ्या. त्याच्या आकड्यापुढे 'ई' अक्षर असते, उदाहरणार्थ 8004 ई. त्याचा फवारा या कडेपासून त्या कडेपर्यंत जवळपास सारखा पडतो. दुकानात पंपासोबत येणारे पोकळ शंकूचे नोझल कीटकनाशकासाठी असते. त्याने तणनाशक फवारले, तर बांगडीच्या आकाराचा फवारा पडून मध्यभाग उपाशी राहतो, आणि बारीक थेंब उडून कपाशीवर बसतात ते वेगळेच.

नोझलवरचा आकडा वाचायला शिका. 8004 मध्ये 80 हा फवाऱ्याचा कोन आहे आणि 04 हा प्रवाहाचा आकार. रंग जगभर ठरलेले आहेत: 01 नारिंगी, 015 हिरवे, 02 पिवळे, 03 निळे, 04 लाल. 3 बार दाबाला नवे 02 मिनिटाला सुमारे 0.8 लिटर देते, 03 सुमारे 1.2 आणि 04 सुमारे 1.6 लिटर. दाब निम्मा केला म्हणून पाणी निम्मे होत नाही. 04 नोझल 1.5 बारला सुमारे 1.1 लिटर देते. उलट पाणी दुप्पट हवे असेल तर दाब चौपट लागतो. म्हणून पाणी वाढवायचे तर दांडा जोरात मारू नका, नोझल मोठे लावा. दाब वाढवला की थेंब बारीक होतात आणि वाऱ्यावर जातात.

आता उंची. 80 अंशाचा फवारा जमिनीपासून 35 सेंटिमीटरवर धरला, तर साधारण 60 सेंटिमीटर रुंद पट्टी भिजते. 25 सेंटिमीटरवर आणला, तर 42 वर येते. उंची जमिनीपासून मोजायची नाही, तणाच्या शेंड्यापासून मोजायची. तण 10 सेंटिमीटर उंच असेल तर नोझल जमिनीपासून 45 वर पाहिजे. सकाळी 35 वर धरलेला हात दुपारपर्यंत 20 वर उतरतो. पाठीवर 15 किलोचे ओझे असल्यावर ते होणारच. त्यावर उपाय म्हणून लान्सला (हातात धरायच्या फवारणीच्या नळीला) नोझलजवळ दोरी बांधा आणि नोझलखाली 35 सेंटिमीटरवर तिला छोटी गाठ मारा. गाठ तणाच्या शेंड्याला घासत राहिली की उंची बरोबर. पाच रुपयांचा हा उपाय कोणत्याही महागड्या पंपापेक्षा जास्त पट्टे वाचवतो.

हूड लावूनही कडा जळतात

कपाशीत तासांच्या मधे बिननिवडक (तण आणि पीक दोन्ही मारणारे) औषध मारायचे तर नोझलभोवती हूड, म्हणजे फवारा अडवणारे झाकण, हवाच. पण 110 अंशाचे नोझल 45 सेंटिमीटरच्या हूडमध्ये बसवले, तर फवारा जमिनीवर पोचण्याआधीच हूडच्या भिंतीवर आदळतो. भिंतीवरून थेंब ओघळतात, हूडच्या दोन्ही कडांखाली औषधाची जाड रेघ पडते आणि मध्ये कमी. तण दोन रेघांत जळते, मध्ये हिरवे राहते आणि ओघळ कपाशीच्या बुडाला लागतो. 45 सेंटिमीटरच्या हूडमध्ये 80 अंशाचे नोझल जमिनीपासून सुमारे 27 सेंटिमीटरवर बसवा. हूड 60 चा असेल तर 35 वर. फवारा भिंतीच्या अगदी आतून जमिनीवर पडताना दिसला पाहिजे. पाच मिनिटे फवारून हूड उलटा करून पाहा. आतली भिंत टपटपत असेल, तर कोन किंवा उंची चुकली आहे.

आणि एक हिरवी पट्टी आपण ठरवूनच सोडायची असते. तासांतले अंतर 90 सेंटिमीटर असेल आणि 60 ची पट्टी फवारली, तर प्रत्येक झाडाच्या दोन्ही बाजूंना 15-15 सेंटिमीटर कोरडी राहणार. ही चूक नाही. तिथे हाताने निंदायचे. ही पट्टीही औषधाने मारू पाहणारे कपाशीची खालची पाने आणि पात्या (फुलकळ्या) जाळून बसतात.

नागमोडी तण

हिरवे तण सापासारखे या तासाकडून त्या तासाकडे गेलेले असेल, तर फवारणारा लान्स डावी-उजवीकडे झुलवत चालला आहे. कीटकनाशक फवारायची ती सवय असते. झुलवताना हात जिथे वळतो तिथे दुप्पट औषध पडते आणि दोन वळणांच्या मधे त्रिकोण कोरडा राहतो. तणनाशकात लान्स स्थिर, चाल स्थिर. फवारणाऱ्याला नुसते 'झुलवू नका' सांगून फरक पडत नाही, कारण हाताला सवय असते. लान्स कोपराशी टेकवून धरायला सांगा, म्हणजे झुलता येत नाही.

फवाऱ्याची फट चालण्याच्या दिशेला काटकोनात पाहिजे. नोझलची टोपी घट्ट करताना नोझल फिरते आणि फवारा तिरका होतो. 60 ची पट्टी 40 ची होते, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. दर पंपाला एकदा पाहा.

पंपाच्या सुरुवातीला जळते, शेवटी काही होत नाही

चार-पाच तासांपर्यंत तण मेलेले, मग हळूहळू हिरवे, आणि पुन्हा एकदम मेलेले. हे चक्र पंपामागून पंप चालू असेल तर दोनच शक्यता.

पहिली, औषध तळाशी बसते. भुकटी आणि पाण्यात विखुरणाऱ्या दाण्यांच्या बाबतीत हे हमखास होते. पंपात आधी औषध ओतून वर पाणी भरले, तर ते तळाला नळीच्या तोंडाशी जमते आणि पहिल्या काही मिनिटांत बाहेर पडते. योग्य क्रम असा: बादलीत थोड्या पाण्यात औषध कालवा, पंप अर्धा पाण्याने भरा, कालवलेले औषध ओता, बादली विसळून तेही ओता आणि मग पंप पूर्ण भरा. मध्ये थांबलात तर पाठीवरचा पंप दोन-तीनदा हलवा. बॅटरी पंपात दांडा नसल्याने मिश्रण हलत नाही, म्हणून तिथे हे जास्त लागते.

दुसरी बॅटरी. चार्ज उतरत गेला की मोटारीचा दाब उतरतो. फवारा आखूड होत जातो आणि कोन मिटतो. पट्टी 60 वरून 45 वर येते आणि पाणीही कमी पडते. कान दिलात तर मोटारीचा आवाज बसलेला कळतो. उपाय म्हणजे लान्सवर नोझलच्या मागे दाब कायम ठेवणारा व्हॉल्व. तो 1.5 बारचा असेल, तर टाकीत दाब जास्त असला तरी नोझलला 1.5 बारच मिळतो. दाब त्याखाली गेला की तो फवारा पार बंद करतो. अर्धवट फवारण्यापेक्षा बंद झालेला बरा. दांड्याच्या पंपालाही तो चालतो, आणि दर फटक्याला होणारी फवाऱ्याची उचकीही थांबते.

पहिल्या पंपाची पहिली मीटरभर जागाही अनेकदा कोरी राहते, कारण नळीत धुतलेले साधे पाणी असते. खटका एकदा बादलीत दाबा, औषध आले की मग तासात शिरा.

या वावरात चालले, त्या वावरात नाही

इथे दोष 'पंपाला इतके मिली' या हिशेबात असतो. औषधाची मात्रा एकरावर ठरते, पंपावर नाही. एकाच मात्रेचे पंप एका माणसाला एकरी सहा लागले आणि दुसऱ्याला अकरा, तर दुसऱ्या वावरात जवळपास दुप्पट औषध गेले. काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर मिनिटाला 45 मीटर चालणारा माणूस 30 वर येतो. पट्टी तीच, पण औषध दीडपट.

मोजायची सोपी रीत गुंठ्याची. एकराचे 40 गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. तासांतले अंतर 90 सेंटिमीटर असेल, तर 112 मीटर चालले की एक गुंठा पीक झाले. 56 मीटरचे दोन तास खुणा करून ठेवा. पंपात साधे पाणी भरून खुणेपर्यंत पातळी आणा, नेहमीच्या चालीने दोन तास फवारा आणि परत खुणेपर्यंत भरायला किती पाणी लागले ते मापाने मोजा. त्याला 40 ने गुणले की एकराचे पाणी.

लाल 04 नोझल, 1.5 बार आणि मिनिटाला 45 मीटर चाल धरली, तर 112 मीटरला अडीच मिनिटे लागतात आणि पावणेतीन लिटर पाणी जाते. एकराला 110 लिटर, म्हणजे 15 लिटरचे सात पंप आणि वर पाच लिटर. आता समजा, लेबलवर एकरी 1 लिटर मात्रा दिली आहे. आपण 90 पैकी 60 सेंटिमीटरच फवारतो, म्हणून औषध दोन तृतीयांश, 667 मिली. ते 7.3 पंपांत वाटले की पंपाला सुमारे 90 मिली. हा आकडा तुमच्या पंपाचा, तुमच्या चालीचा आणि तुमच्या तासांच्या अंतराचा आहे. शेजाऱ्याने तो उसना घ्यायचा नाही आणि आपणही त्याचा घ्यायचा नाही.

पिवळे 02 नोझल लावले, तर त्याच चालीने एकराला फक्त 56 लिटर जाते. आंतरप्रवाही (झाडात फिरणाऱ्या) औषधाला ते कदाचित पुरेल, पण स्पर्शजन्य औषधाला अपुरे. स्पर्शजन्य औषध जिथे पडते तिथलेच पान जाळते. अर्धे भिजलेले तण अर्धे जळते आणि आठ दिवसांत बुडातून फुटते. 'मागच्या वर्षी याच पंपाने पट्टे पडले नव्हते' असे कोणी म्हणते, तेव्हा मागच्या वर्षी औषध कोणते होते ते विचारावे. आंतरप्रवाही औषध झाडात फिरून फवारणीची चूक झाकते. स्पर्शजन्य ती उघडी करते.

नोझल झिजले की नाही

पितळी नोझल दिसायला दणकट असते, पण प्लॅस्टिक आणि स्टीलपेक्षा लवकर झिजते. नव्या नोझलखाली एक मिनिट बाटली धरून पाणी मोजा आणि पंपावर मार्करने लिहून ठेवा. पुढे हेच माप दहा टक्क्यांहून वाढले की नोझल फेका. 1.1 लिटरचे 1.2 च्या वर गेले, म्हणजे गेलेच. तारेने, सुईने किंवा काट्याने कोरलेले नोझल नवे असले तरी बाद. फटीला एक ओरखडा पडला की तिथून धार निघते आणि शेतभर एक रेघ जळत जाते. साफ करायला जुना दातांचा ब्रश. तोंडाने फुंकायचे नाही.

फवारा सारखा आहे का, हे अंगणातच कळते. कोरड्या सिमेंटच्या फरशीवर किंवा पक्क्या रस्त्यावर साध्या पाण्याने, ठरलेल्या उंचीवरून आणि चालीने दहा मीटर फवारा आणि बाजूला उभे राहून वाळताना पाहा. जी पट्टी शेवटी वाळते तिथे पाणी जास्त पडले, जी आधी वाळते तिथे कमी. पाण्यात कपड्यांची नीळ घातली, तर ढगाळ दिवशीही स्पष्ट दिसते. पाच मिनिटांच्या या कामात निम्मे दोष सापडतात.

ट्रॅक्टरच्या बूमचे पट्टे

बूमवर नोझल 50 सेंटिमीटरवर असतात. 110 अंशाचे असतील तर बूम तणाच्या शेंड्यापासून 50 सेंटिमीटर वर ठेवला की फवारे एकमेकांवर नीट चढतात. एक नोझल बंद पडले, तर पट्टा दर फेरीला सारख्या अंतराने येत नाही, कारण ट्रॅक्टर परत येताना उलटा असतो. सहा मीटरच्या बारा नोझल्सच्या बूममध्ये कडेपासून तिसरे नोझल तुंबले, तर पट्टे एकदा साडेनऊ मीटरने आणि एकदा अडीच मीटरने येतात. असे एकाआड एक अंतर दिसले की नोझल तुंबले, हे बूमजवळ न जाताही सांगता येते. पट्टा बरोबर सहा मीटरने येत असेल, तर दोन फेऱ्यांच्या मधे जागा सुटते आहे. सगळे फॅन नोझल बूमच्या रेषेला पाच ते दहा अंश तिरके बसवा, नाहीतर शेजारचे फवारे हवेत एकमेकांवर आदळतात. आणि टोकाच्या नोझलला पाणी कमी येत असेल, तर आधी गाळणी पाहा.

बिनहिशेबी डाग

गाडरस्त्याच्या कडेचे चार-पाच तास दरवर्षी हिरवे राहतात? पानांवरची धूळ. पॅराक्वाट आणि ग्लायफोसेट ही तणनाशके मातीच्या कणाला चिकटतात आणि निकामी होतात. गढूळ पाण्यातही तेच. नाल्याचे किंवा शेततळ्याच्या तळाचे गढूळ पाणी घेऊन ही औषधे कालवणे म्हणजे पंपातच मारणे. फवारणीला विहिरीचे स्वच्छ पाणी, आणि रस्त्याकडचे तास पाऊस पडून पाने धुतल्यावर फवारा.

सकाळी दव असताना फवारले, तर औषध पातळ होऊन पानावरून ओघळते. पान कोरडे झाल्यावर सुरू करा. वारा हलका असावा, पान नुसते हलेल इतका. पूर्ण स्तब्ध पहाटेही नको, तेव्हा बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात. तण पाण्याअभावी मलूल असेल, तर कोणतेच औषध नीट चालत नाही.

धुऱ्याशी गोल डाग जळलेले दिसले, तर माणूस वळताना खटका सोडत नाही. एवढेच.

झाड जळले, पण कशाने?

पानावर काही तासांत तपकिरी ठिपके पडले, तर पॅराक्वाटचे थेंब उडाले. कोवळे शेंडे आठवड्या-दहा दिवसांत पिवळे पडून वाढ थांबली, तर ग्लायफोसेट. नवीन पाने अरुंद, बोटे फुटल्यासारखी, भेंडीच्या पानासारखी आली, तर टू-फोर-डी हे तणनाशक. कपाशी टू-फोर-डीला इतकी नाजूक आहे की धुतलेल्या पंपात राहिलेला अंशही पुरतो. शेजारी ज्वारीत किंवा उसात मारलेल्या औषधाचा वारा लागला, तरी हेच होते. पंप तीनदा पाण्याने धुवा, मग 15 लिटर पाण्यात 75 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा, नळी आणि लान्समधूनही ते काढा. तरी रबरी नळीचा भरवसा नाही. तणनाशकाला वेगळा पंप ठेवणे हाच खरा इलाज.

आता ते एकेक मेलेले झाड. पट्टा नाही, तासात दोन झाडे उभी, मध्ये एक मेलेले, पुढे पुन्हा उभी. हे चित्र तणनाशक सहन करणारे म्हणून विकलेल्या बियाण्यात दिसते. भेसळ असते, सहन न करणारी झाडे मरतात. या कपाशीला भारतात परवानगी नाही, त्यामुळे पावती नाही आणि भरपाईही नाही. तिच्यावर मारल्या जाणाऱ्या ग्लायफोसेटचा वापरही ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेने नोंदणीकृत कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला आहे. तेव्हा हा दोष नोझल बदलून जाणारा नाही.

पॅराक्वाटवर उतारा नाही, हे पंप उचलणाऱ्या प्रत्येकाला सांगा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, ते कीटकनाशकांमुळे, पण उघड्या अंगाने फवारण्याची सवय तीच आहे. पायांत गमबूट, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. हूड असला तरी फवारलेल्या पट्टीतूनच पाय टाकत चालावे लागते.

वेचणीच्या तोंडावर पानगळीची फवारणी

90 बाय 15 सेंटिमीटरवर, एकरी सुमारे 30 हजार झाडे ठेवणाऱ्या सघन लागवडीत बोंडे एकदम फुटतात. वेचणी सोपी व्हावी म्हणून तिथे थिडियाझुरॉन आणि डाययुरॉन यांचे मिश्रण फवारतात. त्यातले डाययुरॉन मुळात तणनाशकच. इथली तक्रार ठरलेली: वरची पाने गळाली, खालची हिरवी राहिली.

कारण हे औषध झाडात फारसे फिरत नाही, ज्या पानावर पडते तेच गळते. वरून एकदा फवारले, तर छत्रीखालची पाने कोरडी राहतात. इथे तणनाशकाचे जाड थेंब नकोत. पोकळ शंकूचे नोझल, भरपूर पाणी आणि तासाच्या दोन्ही बाजूंनी, लान्स खालून वर नेत फवारणी. आधी सांगितलेला स्थिर हाताचा नियम इथे लागू नाही, लक्ष्य जमीन नसून उभे झाड आहे. ड्रोनने करत असाल, तर यंत्रात भरलेली पट्टीची रुंदी आणि प्रत्यक्ष भिजणारी रुंदी एकच आहे का, ते तासांना आडवे कागद ठेवून तपासा. कडेचे कागद कोरडे निघाले तर रुंदी कमी करा.

दुसरी चूक घाईची. पान गळण्यासाठी ते जिवंत लागते, देठाच्या बुडाशी तुटण्याचा थर तयार व्हायला वेळ लागतो. पॅराक्वाट मारून पाने जाळली, तर ती झाडालाच वाळून चिकटतात आणि वेचताना चुरा होऊन कापसात जातात. तो कचरा सहजासहजी निघत नाही आणि भाव पडतो. मात्रा लेबलपेक्षा वाढवली तरी असेच होते.

वेळ ठरवायला साधारण 60 टक्के बोंडे फुटलेली असावीत. पण वरचे न फुटलेले बोंड चाकूने आडवे कापून पाहा. आत पाणचट गर असेल, तर थांबा. सुरी अडते, कापसाचे तंतू ताणले जातात आणि सरकीचे साल तपकिरी झाले आहे, म्हणजे बोंड पक्के. रात्रीचे तापमान 18 अंशांच्या खाली गेले की औषध मंद होते. विदर्भात नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रात्री गार होतात, तेव्हा त्याआधी उरका. पुढचे 24 तास पाऊस नको.

पाने सात दिवसांत गळू लागतात आणि दोन आठवड्यांत झाड बरेच मोकळे होते. वेचणी दव उडाल्यावर करा. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, 12 टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर माल परत. गळलेल्या पानांवर कापूस पडू देऊ नका, ओटीत किंवा गाठोड्यात सरळ टाका. आणि शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीत मेंढरे बसवायची रीत असली, तरी पानगळीचे औषध मारलेल्या वावरात ती बसवू नका.